सात लाख आरसे आणि एक पांढरी चकती

जेवणाच्या टेबलावर सात लाख शहाऐंशी हजार चारशे बत्तीस आरसे होते, आणि त्यांतल्या एकातही बघून कुणाला भांग पाडता आला नसता. आरशांखेरीज टेबलावर भिंगांची एक पेटी होती, उजेडाचे रंग सुटे करणारं एक ग्रेटिंग होतं, टेबललॅम्पमधून काढलेला हॅलोजनचा एक दिवा होता, बुटांची तीन रिकामी खोकी होती, आईच्या जुन्या छत्रीचं काळं कापड होतं, चिकटपट्टीची पाच रिळं होती, आणि पार कडेला, नाइलाजाने सरकवलेली, मिठाची बरणी होती. ताटं नव्हती. ती मांडायला जागाच उरली नव्हती, त्यामुळे घरातली तिन्ही माणसं मांडीवर ताट घेऊन कोचावर जेवत होती.

"बसायचं कुठे, तेवढं तुझ्या विज्ञानाला विचार," असं आई रोज दोन्ही जेवणांना म्हणायची. विज्ञानाकडे याचं उत्तर नव्हतं.

आरशांचा आकडा धाकटीने, म्हणजे घरातल्या धाकट्या मुलीने, अंदाजाने सांगितलेला नव्हता. ते सगळे आरसे अंगठ्याच्या नखाएवढ्या एका चिपवर होते, आडवे एक हजार चोवीस आणि उभे सातशे अडुसष्ट, आणि गुणाकार तिने दोनदा करून पाहिला होता. ही चिप कंपनीच्या मीटिंगरूममधल्या मेलेल्या प्रोजेक्टरच्या पोटातून निघाली होती. प्रत्येक आरसा विजेच्या इशाऱ्यावर थोडासा इकडे किंवा तिकडे कलतो, एवढंच त्याचं काम. पण ज्याला असे लाखो आरसे हवे तसे कलवता येतात त्याला उजेडाची वाटणी करता येते, आणि धाकटीला नेमकी तीच करायची होती.

तिची कंपनी भंगारातलं प्लास्टिक विकत घेऊन, निवडून, वितळवून पुन्हा विकायची. निवडण्यावरच सगळा धंदा. बाटलीच्या प्लास्टिकमध्ये डब्याचं प्लास्टिक मिसळलं की घाण्यातून जे बाहेर येतं त्याला प्लास्टिक म्हणवत नाही. निवडणारी माणसं डोळ्यांनी, नखांनी आणि नाकानं निवडायची, आणि चुकायची. धाकटी फिजिक्स शिकून सहा महिन्यांच्या चाचणीवर तिथल्या लॅबमध्ये लागली होती. प्रत्येक प्रकारचं प्लास्टिक डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडातले ठरावीक रंग गिळतं. कुठले रंग गिळले हे कळलं की प्लास्टिक ओळखता येतं. हे ओळखणाऱ्या यंत्राला स्पेक्ट्रोमीटर म्हणतात, आणि असा एक स्पेक्ट्रोमीटर घ्यायचा असं लॅबच्या सरांनी ठरवलं होतं.

ठरवलं होतं म्हणजे लॅबमधल्या एका सहकाऱ्याने सुचवलं होतं. या सहकाऱ्याला सगळे कॅटलॉग म्हणत. त्याला काहीही विचारलं तरी तो पान नंबर सांगायचा. त्याने एका इव्हॅल्युएशन किटचं, म्हणजे पारखून बघायला मिळणाऱ्या तयार यंत्राचं, चित्र पडद्यावर लावलं. तळहातावर मावेल एवढी सुबक डबी, आत तसलेच सूक्ष्म आरसे, वर एक बटण. इथवर धाकटीला काही म्हणायचं नव्हतं. मग तो म्हणाला, "असलं आपल्याला बनवता येत नाही. आपल्याला बटण दाबता येतं."

बोलताना त्याने सहज धाकटीकडे पाहिलं होतं. अगदीच सहज. पण माणसाच्या स्वाभिमानाला कुठून ठिणगी लागेल हे सांगता येत नाही, आणि पदव्युत्तर परीक्षेत ऑप्टिक्सला वर्गात पहिलं आलेल्या माणसाचं तर विचारूच नका. धाकटी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मी बनवते." बसल्यावर तिला स्वतःचा आवाज खोलीत अजून फिरतोय असं वाटलं.

सर तसे शांत माणूस. ते म्हणाले, हरकत नाही, किट विक्रेत्याकडून पाहायला मागवू, तू तुझं आण, एकाच दिवशी दोन्ही बघू. मग चष्मा पुसत त्यांनी जोडलं, "त्याच आठवड्यात तुझी चाचणी संपतेय. दोन्ही सह्या एकदमच करीन म्हणतो." म्हणजे यंत्र चाललं तर धाकटी कायम, नाहीतर धाकटी घरी. घरी, म्हणजे ज्या टेबलावर आता बुटांची खोकी होती तिथे.

पहिली अडचण आली ती भांडारातून. मेलेला प्रोजेक्टर घरी न्यायचा तर तो निर्लेखित करून, म्हणजे भांडाराच्या वहीतून खोडून घ्यावा लागतो, आणि त्या अर्जात 'आतील वापरण्याजोगे भाग, नग' असा एक रकाना असतो. दुसऱ्या कुणीही तिथे 'एक' लिहिलं असतं. धाकटी खोटं लिहीत नाही. तिने लिहिलं, आरसे, नग ७,८६,४३२. अर्ज परत आला. भांडारपालाचा शेरा होता की एवढा माल भांडारात कधी आल्याची नोंद नाही, तरी प्रत्यक्ष मोजणी व्हावी आणि प्रत्येक नगाला क्रमांकाचं स्टिकर लागावं. तिने भांडारपालाला भिंगातून चिप दाखवली. त्याने बराच वेळ पाहिलं आणि स्टिकर मावणार नाहीत हे मान्य केलं, पण नियमाला तो काय करणार. शेवटी नवा अर्ज झाला, त्यात 'काच, लहान, एक' असं लिहिलं गेलं, आणि धाकटीच्या मनाला ते पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं.

कॅटलॉगचंही काही फार बरं चाललं नव्हतं, हे तिचं समाधान. खरेदी विभागातल्या बाईंनी किटच्या कागदावर प्रश्न काढला होता की वस्तू इव्हॅल्युएशनसाठी आहे, तर इव्हॅल्युएशन झाल्यावर ती परत कधी जाणार. कॅटलॉग त्यांना रोज समजावायला जायचा. बाई रोज समजून घ्यायच्या आणि तोच प्रश्न पुन्हा लिहायच्या.

घरी काम सुरू झालं. दिव्याचा उजेड प्लास्टिकवर पाडायचा, परत आलेला उजेड बारीक फटीतून ग्रेटिंगवर न्यायचा, ग्रेटिंग त्याचे रंग सुटे करून आरशांच्या चिपवर ओळीने अंथरतं, मग आरशांचा एकेक उभा पट्टा कलवायचा, म्हणजे एका वेळी एकच रंग उजेड मोजणाऱ्या डिटेक्टरवर जातो. डिटेक्टर तिने कंपनीच्याच एका बिघडलेल्या ओलावामापकातून काढला होता. त्याला एकच डोळा होता, पण इथे एकच पुरे होता. कागदावर हे सगळं फार देखणं दिसायचं. टेबलावर मात्र भिंग ठेवलं की ग्रेटिंग सरकायचं, ग्रेटिंग बसवलं की दिवा तापून खोक्याला बुटांचा सगळा जुना वास सुटायचा, आणि रंग आरशांवर पडायचे सोडून मिठाच्या बरणीवर पडायचे.

शिवाय लिफ्ट होती. इमारतीची लिफ्ट हलली की आलेखावरची रेघ दचकायची. कोण कितव्या मजल्यावर गेलं हे धाकटीला लॅपटॉपवर दिसू लागलं. इथे वरचे काका आले. वरच्या मजल्यावरचे हे काका वीज खात्यातून निवृत्त झालेले, इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी, आणि जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्यांचं एकच औषध. टेबलाभोवती हात मागे बांधून एक फेरी मारत ते म्हणाले, "आधी अर्थिंग बघ."

धाकटीने नम्रपणे ऐकून घेतलं आणि बघितलं नाही. काकांनी फ्रिजच्या आवाजालाही अर्थिंगच सांगितलं होतं, टीव्हीच्या रंगालाही, आणि आईचा खांदा आखडला तेव्हा त्यांना बोलता बोलता थांबवावं लागलं होतं. उलट तिने कमिटीला अर्ज दिला की रविवारी तासभर लिफ्ट बंद ठेवावी. अर्ज रीतसर स्वीकारला गेला, सभेपुढे ठेवण्याचं ठरलं, आणि त्यावर सेक्रेटरींचा शेरा पडला: आधी अर्थिंग बघावे.

दोन आठवडे तिने डिटेक्टरभोवती कापडं गुंडाळली, तारा पिळल्या, सॉफ्टवेअरमध्ये गाळण्या लावल्या. मग एका दुपारी, घरात कुणी नाही असं पाहून, तिने डिटेक्टरच्या पत्र्याच्या डबीपासून एक हिरवी तार सॉकेटच्या अर्थला जोडली. रेघ दोरीसारखी सरळ झाली. लिफ्ट वर गेली, खाली आली, रेघ हलली नाही. तिने ही गोष्ट पोटात ठेवायचं ठरवलं, पण लिफ्टचा अर्ज मागे घ्यावा लागला आणि काकांना काय समजायचं ते समजलं. त्या दिवसापासून ते रोज खाली येऊ लागले, चहा घेऊ लागले, आणि पाहुण्यांना "आम्ही एक यंत्र बनवतोय" असं सांगू लागले.

आता शेवटची एक गोष्ट राहिली होती, आणि पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ तिच्यात असल्यामुळे ती नीट सांगायला हवी. यंत्राला नुसतं प्लास्टिक दाखवून भागत नाही. आधी एक पूर्ण पांढरी वस्तू दाखवावी लागते, सगळे रंग सारखे परत पाठवणारी, तिला शंभर टक्के धरायचं आणि पुढच्या प्रत्येक मापाला तिने भागायचं. दुकानात याची खास चकती मिळते. धाकटीने वाचलं होतं की प्लंबर नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेप थरावर थर दाबली तर जवळजवळ तेच काम करते. तिने एक अख्खं रीळ गुंडाळून, दोन पाट्यांमध्ये दाबून, कडा कापून नाण्याएवढी जाड चकती बनवली, काळ्या झाकणात बसवली, खोक्यात ठेवली, आणि खोक्यावर लिहिलं: हात लावू नये.

घरात त्याच सुमारास आणखी एक प्रकरण चालू होतं, ते स्वयंपाकघरातल्या नळाचं. तो महिनाभर ठिबकत होता. आईने आधी प्लंबरला सांगितलं, मग बाबांना सांगितलं, मग भिंतीला सांगावं तसं सांगू लागली. बाबा ड्राफ्ट्समन होते, पाण्याच्या टाक्यांची ड्रॉइंगं काढण्यात त्यांची हयात गेली होती. "टाक्या काढल्यात तुम्ही, पण एक थेंब थांबवता येत नाही," असं आई म्हणायची, तेव्हा बाबा पेपरच्या आड जायचे. धाकटीने यात लक्ष घातलं नाही. प्रात्यक्षिकाच्या आदल्या रविवारी ती ग्रंथालयात बसली होती, संध्याकाळी घरी आली, तर आई बाबांशी फारच गोड बोलत होती. याचं कारण काय असावं, एवढा एक प्रश्न त्या दिवशी तिच्या डोक्यात आला नाही.

सोमवारी ती यंत्र मांडीवर घेऊन बसने निघाली. बाजूच्या बाईंनी विचारलं, केक आहे का. ती हो म्हणाली, म्हणजे निदान कुणी वर पिशवी ठेवणार नाही.

किट शेवटी येऊन पोचलं होतं, आणि लॅबमध्ये पहिला मान कॅटलॉगचा. त्याने डबी टेबलाच्या मधोमध ठेवली, बटण दाबलं, आणि लॅपटॉपवर 'नवी आवृत्ती उतरत आहे, कृपया थांबा' असं आलं. सगळे थांबले. खरेदीच्या बाई मुद्दाम बघायला आल्या होत्या, त्या समाधानाने थांबल्या. बऱ्याच वेळाने डबी जागी झाली. मग मात्र तिने पाण्याची बाटली बरोबर ओळखली, पाइपचा तुकडा बरोबर ओळखला, आणि सरांनी गंमत म्हणून स्वतःच्या जेवणाच्या डब्याचं झाकण धरलं, तर तेही पॉलिप्रोपिलीन, म्हणजे डब्यांचं प्लास्टिक, म्हणून बरोबर ओळखलं. कॅटलॉगने नुसतं बटणावरून रुमाल फिरवला.

मग बुटांचं खोकं उघडलं. धाकटीने पांढरी चकती दाखवून शंभर टक्के नोंदवले आणि बाटली धरली. रेघ निघाली, सुरेख निघाली, आणि दोन जागी शंभराच्या वर चढली. एका जागी तर एकशे चौदा टक्के.

सरांनी चष्मा लावला. "म्हणजे जेवढा उजेड पडला त्यापेक्षा जास्त परत आला?"

"घरचं आहे ना, सर," कॅटलॉग म्हणाला. "हात सढळ असतो."

पाइप धरला. तीच गत, त्याच दोन जागी उंचवटे. धाकटीने अर्थिंगची तार चाचपून पाहिली, आणि या क्षणी आपण तेच करतोय याचा तिला स्वतःचाच राग आला. सरांनी डब्याचं झाकण पुढे केलं. रेघ आली ती शंभरावर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट. काहीही गिळलेलं नाही. तिच्या यंत्राच्या मते सरांचं झाकण प्लास्टिकचं नव्हतं. ते शुद्ध पांढरेपणाचं बनलेलं होतं.

"मी इतकी वर्षं यात जेवतोय," सर म्हणाले. त्यांनी दोन्ही सह्यांचे कागद फाइलमधून अर्धे बाहेर काढलेले होते, ते अलगद आत सरकवले.

धाकटीने ते सरकताना पाहिलं. माणूस अशा वेळी रडतो किंवा कारणं सांगतो. तिला दोन्ही करायचं होतं, पण आलेखावरून तिची नजर हलेना. पहिला उंचवटा बाटलीतही बाराशे नॅनोमीटरच्या आसपास होता आणि पाइपमध्येही तिथेच, दुसरा चौदाशेच्या किंचित अलीकडे. दोन वेगवेगळ्या वस्तू एकाच जागी सारखं खोटं बोलत नाहीत. म्हणजे खोटं बोलणारा तिसराच आहे, ज्याने या दोघांना भागलंय. आणि तो तिसरा असा आहे की त्याच्यापुढे सरांचं झाकण धरलं तर काही फरकच उरत नाही.

ती सावकाश म्हणाली, "सर, माझी पांढरी चकती टेपची नाही. ती पॉलिप्रोपिलीनची आहे."

"तूच बनवलीस ना?"

"मी बनवली ती टेपची होती."

तिने काळं झाकण उघडून चकती बाहेर काढली. वरून ती पांढरीशुभ्र होती. उलटी केली तर मागे आइस्क्रीमच्या कोनाचं वरचं अर्धं चित्र होतं.

कॅटलॉगने, तिने सांगायच्या आधीच, ती चकती घेऊन किटखाली धरली. त्याचंही कुतूहल जागं झालं होतं. डबीने थोडा विचार केला आणि लिहिलं: पॉलिप्रोपिलीन.

धाकटीने घरी फोन लावला. घाईत स्पीकर कधी चालू झाला ते तिला कळलं नाही.

"बाबा, माझ्या खोक्यातली पांढरी चकती?"

"का गं, नीट बसत नाहीये का?"

"बसतेय. अगदी घट्ट."

"बसायलाच हवी. कंपास लावून कापली आहे. तुझी जरा वाकडी होती."

"माझी कुठे आहे?"

"तुझी ना," बाबा म्हणाले, "तुझी नळाला आहे, वॉशर म्हणून. रविवार, दुकानं बंद. आणि आईचं तर तुला माहीतच आहे. मी म्हटलं, हिला पांढरंच हवंय, तर आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण तुझ्या टेपपेक्षा पांढरं आहे. आईलाही दोन्ही दाखवली. तीही म्हणाली, हीच जास्त पांढरी." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "काही बिघडलं का?"

खोलीतले सगळे टेबलाकडे बघत होते. खरेदीच्या बाईंनी पदर तोंडाला लावला होता. "नाही," धाकटी म्हणाली. "संध्याकाळी बोलू."

सरांनी चकती हातात घेऊन फिरवली. त्यांनी धाकटीच्या ड्रॉवरमधला व्हर्निअर मागितला आणि ती तीन बाजूंनी मोजली. तिन्ही वेळा पंचवीस पूर्णांक शून्य मिलिमीटर. "हे वडिलांनी कात्रीने कापलंय?" त्यांनी विचारलं, आणि कुणाला उत्तर द्यायला न लावता शिपायाला दुरुस्ती विभागातून टेपचं रीळ आणायला पाठवलं.

नवी चकती घाईत झाली, जरा वाकडी झाली. पण बाटली बाटली म्हणून ओळखली गेली, पाइप पाइप म्हणून, आणि सरांचं झाकण पुन्हा प्लास्टिकचं झालं. सरांनी निकाल दिला तो असा: निवडणीच्या सरकत्या पट्ट्यावर धाकटीचं यंत्र बसेल, पण पुठ्ठ्याचं नाही, पत्र्याचं, आणि तिच्या यंत्रावर नजर ठेवायला लॅबमध्ये किट राहील, ते कॅटलॉग सांभाळेल. म्हणजे यापुढे रोज सकाळी कॅटलॉग तिला तपासणार. हा घास गिळायला अवघड होता, पण सोबत सही केलेला कागद होता. कागदाच्या खाली सरांच्या बारीक अक्षरात एक ओळ होती: आधी चकती बघावी.

ती घरी पोचली तेव्हा बाबा टेबलाशी ताठ बसले होते, आणि त्यांच्यासमोर पाना ठेवलेला होता. त्यांनी दुपारपासून काही खाल्लं नव्हतं, असं आईने आतून सांगितलं. वरचे काकाही येऊन गेले होते, आणि वडील माणसाने यंत्रात हात घालण्याआधी आपल्याला विचारायला हवं होतं, असं म्हणून गेले होते.

"काढून देतो तुझी टेप," बाबा म्हणाले. "लगेच निघेल. ठिबकेल पुन्हा, ठिबकू दे."

धाकटीने कागद त्यांच्यासमोर ठेवला. बाबांनी तो ड्रॉइंग तपासावं तसा वरपासून खालपर्यंत वाचला, चारही कोपरे पाहिले, आणि मग पाना उचलून ड्रॉवरमध्ये टाकला. आईने कागद वाचला नाही. तिने विचारलं, म्हणजे आता टेबल मोकळं होणार का. होणार, धाकटी म्हणाली, आणि खोकी उचलायला लागली. मिठाची बरणी तिने आपल्या जागी ठेवली.

ताटं मांडली गेली. जेवायला बसण्याआधी ती स्वयंपाकघरात गेली, एक वाटी कोरडी पुसून नळाखाली ठेवली आणि घड्याळ बघितलं. बाबा दारात येऊन उभे राहिले.

एका तासानंतर तिने वाटी उचलून दिव्याखाली धरली. थेंब: शून्य.